वयनीचे पोरसू आणि माझे गाऱ्हाणे

आमच्या शेजारच्या वयनीने कुठल्याही पोराला कधी 'गप्प राहा' म्हटल्याचे मला आठवत नाही. ती मूळची दोडामार्गची. नवरा शिरगावच्या बाजूला खाणीवर खनिजाचा टिपर ट्रक चालवायचा. भाड्याच्या घरामागचे पोरसू, म्हणजे चार केळी आणि दोन फणसांची बाग, तिने वाड्यावरच्या, आमच्या वस्तीतल्या, पोरांना मोकळे सोडले होते. तिच्या दोन मुली त्यांच्या म्होरक्या.

मी तेव्हा बढतीच्या परीक्षेला बसत होतो. कुंपणावरून आरडाओरड्याची तक्रार केली की वयनी म्हणायची, "भावोजी, पोरां बोबाटतली नाय तर काय फणस बोबाटतले?" मी तावातावाने खिडकी लावून घ्यायचो. खरे सांगायचे तर ती यायच्या आधी मी दोनदा नापास झालो होतो, तेही संपूर्ण शांततेत.

परीक्षेच्या आठवड्यात तिने पोरांना ताकीद दिली, "भावोजींचो अभ्यास आसा. खेळा, पण तोंड धरून." दहा-बारा पोरे एक हात तोंडावर दाबून लगोरी खेळली. मी खिडकीत उभा राहून तेच बघत बसलो आणि तिसऱ्यांदा नापास झालो. दोष मात्र वयनीलाच दिला.

मग मी वाड्याच्या राखणदाराला, वस्ती राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवला. देवापुढचे गाऱ्हाणे मनातल्या मनात घालायचे नसते, गुरव ते सगळ्यांसमोर मोठ्याने घालतो, हे विसरलो. गुरवाने खणखणीत आवाजात सांगितले, "शेजारच्या पोरांचो आवाज बंद होऊं दे, म्हाराजा!" जमलेले लोक हसू दाबत ओरडले, "व्हय म्हाराजा!" संध्याकाळपर्यंत ते वयनीच्या कानावर गेले. ती कुंपणाशी आली नाही.

पुढच्याच महिन्यात खाणी बंद पडल्या. टिपर उभा राहिला, घर सोडायचे ठरले. माझ्या एका नारळाने तालुक्यातल्या खाणी बंद पडाव्यात एवढा मी मोठा नाही, हे कळत होते. तरी ते निघण्याआधी गाऱ्हाणे मागे घ्यायलाच हवे होते, आणि ज्याच्यावर घातले त्याने होकार दिल्याशिवाय ते मागे येत नाही. वयनीला विचारायला मला तीन दिवस लागले.

निघायच्या सकाळी ती मुलींना घेऊन राखणदाराकडे आली. गुरव म्हणाला, "चुकान गेल्लो शब्द मागे घेता, म्हाराजा!" सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने मुलींना जवळ ओढले. मग हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "भावोजी, ह्यांचा काम खाण बंद पडली म्हणान गेला, तुमच्या नारळान न्हय. पण पोरांवर देव घालूक नको होतो."

घराशी टेंपो उभा होता. दोन वर्षांच्या शेजारात मी तिच्या पोरसात पहिल्यांदा पाऊल टाकले ते त्या दिवशी, त्यांचे सामान चढवायला.