पंचविसावं चित्र आणि राणीची चाल

विज्ञानाची सीमा जिथे संपते, तिथे माणसाने नम्र होऊन हात जोडावेत असं म्हणतात. मी जन्मभर डिचोलीच्या शाळेत विज्ञान शिकवलं, आणि अशी सीमा दोन-चारदा लागलीही. तिथे मी हात जोडले नाहीत, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

'माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही' असं असले अनुभव लिहिणारा प्रत्येक जण आधी सांगतो, म्हणून मीही सांगून ठेवतो. आमच्या पेडण्याकडे देवचाराला, म्हणजे गावच्या राखणदार भुताला, जाड भाकरीचा रोट ठेवतात. देवचार मी कधी पाहिला नाही. रोट मात्र आम्ही पोरांनी कित्येकदा खाऊन टाकला, आणि त्याबद्दल आजवर कुणी जाब विचारायला आलेलं नाही. तेव्हा पुढचं वाचताना हा माणूस घाबरट नाही एवढं लक्षात असू द्या.

माझे आबाकाका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, हरमलला राहत. दिवसा माड आणि काजू बघायचे आणि जत्रांच्या दिवसांत दशावतारात राणी व्हायचे. दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात हे बहुतेकांना माहीत असेल. काकांच्या राणीचा प्रवेश म्हणजे पडद्याआडून यायचं आणि मंडपात एक पूर्ण वळसा घालायचा. संवाद नाही, गाणं नाही... नुसतं चालायचं. पण पाऊल दिसायचं नाही. खाडीत होडी सरकते तशी राणी सरकत यायची. गावातल्या सासवा सुनांना म्हणत, "चलूक शिकाचा आसात तर आबाच्या राणयेकडसून शिक गो!" आमच्या घराण्यात कुणी आमदार झाला नाही, कुणी विलायतेला गेला नाही. आमच्याकडे ही चाल होती, आणि खरं सांगायचं तर आम्हाला ती पुरेशी वाटायची.

ही चाल एका माणसाने मात्र कधीच पाहिली नव्हती. माझ्या काकीने. ती सांगते, "माका म्हणत, तू म्होरां बसलंस तर माका राणी होवक जमाचा नाय." घरात लुंगीवर मासे साफ करताना ज्या बाईने पाहिलं, तिच्यासमोर राणी होणं कठीण, हे मला पटतं. काकी शेवटपर्यंत खेळाला गेली नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बोटीवर नोकरीला असलेल्या मेव्हण्याने मला एक एचडी कॅमकॉर्डर आणून दिला होता. त्यावर मी काकांचा एक अख्खा खेळ चित्रित केला. काका जाऊन आता चार वर्षं झाली. यंदा तालुक्यातल्या एका समितीने स्थानिक कलावंतांवरच्या छोट्या फिल्म मागवल्या, तेव्हा मी त्या टेप बाहेर काढल्या. काकीला विचारलं. तिने एकच अट घातली.

"बरे दिसत आसत तरच दाखय. नायतर माज्या मनात आसत ते बरे."

म्हणजे चाल जशीच्या तशी दिसली पाहिजे, नाहीतर काकीला बोलवायचंच नाही, असं मी ठरवलं.

आता थोडं तांत्रिक. आपल्याकडचा तसला कॅमेरा सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं घेतो. एकदा विषम ओळी, एकदा सम. दोन-दोन जोडली की सेकंदाला पंचवीस पूर्ण चित्रं होतात. समितीला मात्र चोवीसच हवी होती, सिनेमासारखी. मी ईमेल करून 'पंचवीस चालतील का' असं विचारलं. उत्तर आलं, 'चित्रपटाचा आत्मा चोवीस फ्रेममध्येच वास करतो.' मग पंचविसाव्यात कोण राहतं ते त्यांनी कळवलं नव्हतं.

डिचोलीच्या बाजारात सागरचं दुकान आहे. मूळचा गडहिंग्लजचा, लग्नाचे व्हिडिओ करतो. त्याच्याकडे बसून मी काम सुरू केलं. पंचविसाची चोवीस करण्याचे दोन साधे मार्ग. एक म्हणजे सगळंच जरासं हळू चालवायचं. तसं केलं, तर आवाजही खाली उतरला. मी काकीला फोन करून पुढच्या प्रवेशातला राणीचा नुसता आवाज ऐकवला.

"ह्या काय रे श्रीकांता? राणयेक सर्दी जाली काय?"

हा मार्ग संपला. दुसरा मार्ग म्हणजे वेग तोच ठेवायचा आणि दर सेकंदाला एक चित्र सरळ काढून टाकायचं. यात दर सेकंदाला एक बारीक हिसका बसतो. भाषण देणाऱ्या माणसाचं त्यात काही बिघडत नाही... पण ज्याची सगळी कीर्ती न हिसकता चालण्यात, त्याचं काय उरणार?

तरी करून बघितलं. भर दुपारची वेळ, दुकानासमोर भाजीवाली ओरडत होती, पंखा गरगरत होता. असल्या अनुभवाला लागणारं वातावरण अजिबात नव्हतं.

पडद्यावर पखवाजवाल्याचा हात दर सेकंदाला हिसका खात होता. झांजवाल्याची मान हिसकत होती. ट्यूबलाइटभोवतीचे किडेसुद्धा. मग राणी आली, आणि सरकत... सरकत वळसा घालून गेली. हिसका नाही.

"परत लाव," मी म्हणालो.

सागरने परत लावलं. मग खुर्ची पुढे ओढली. "सर, समदी हिसकत्यात, पर काका न्हाई हिसकत."

"काहीतरी सेटिंग असेल."

"सेटिंग न्हाई सर, आपलं मशीनच भारी हाय." मग त्याने पडद्यावर बोट ठेवलं आणि जरा हळू म्हणाला, "पर सावली बघा की."

मंडपातल्या मागच्या पडद्यावर पडलेली काकांची सावली दर सेकंदाला, सगळ्यांसारखी, हिसकत होती.

मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तेच. सागरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर केलं. तेच. मग गळालेलं चित्र मूळ फाइलमध्ये शोधून काढलं. त्यात पखवाजवाल्याचा हात पुढे गेलेला, किडे पुढे गेलेले, सावली पुढे गेलेली. काका मात्र आधीच्या चित्रात होते तिथेच, एका चित्रापुरते थांबलेले. पंचविसात बघताना हा थांबा डोळ्याला कळत नव्हता. पुढच्या सेकंदालाही तेच. आम्ही जे चित्र टाकून देणार, नेमक्या त्याच चित्रात काका काही करत नव्हते. टाकलं तरी त्यांचं काही जात नव्हतं.

योगायोग, असं मी स्वतःला सांगितलं. ताल पक्का असेल, दर सेकंदाला थांबायची लकब असेल. हे तपासणं सोपं होतं. क्लिपची सुरुवात मी थोडी पुढे सरकवली. आता दुसरीच चित्रं गळणार. ती गळली, सगळा मंडप नव्या जागी हिसकला... आणि राणी सरकत गेली. मूळ फाइल पुन्हा उघडली. मघाशी जिथे काका थांबले होते तिथे आता चालत होते, आणि थांबा नव्या जागी होता.

मघाशी त्या चित्राचा फोटो काढून ठेवायला हवा होता, हे मला तेव्हा सुचलं नाही. असल्या अनुभवांत कुणालाच फोटो काढायचं सुचत नाही, आणि यावरून मी आजवर लोकांची भरपूर चेष्टा केलेली आहे.

शेवटचा प्रयोग म्हणून त्याच टेपवरचा एक तुकडा चोविसात बदलून बघितला. खेळ संपल्यावर रंग पुसून, बनियनवर चहा पिणारे काका. ते चारचौघांसारखे हिसकले, कपासकट.

सागरने तो तुकडा बंद केला. मग म्हणाला, "लई शिस्तीचा माणूस म्हणायचा, सर."

मी विज्ञानाचा शिक्षक. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला भीती वाटली नाही, नवलही नाही. अभिमानाने ऊर भरून आला. मनात आलं, समितीच काय, साक्षात यंत्राने पाऊल चुकवायला लावलं तरी आमचा माणूस चुकत नाही! मी तिथूनच काकीला फोन केला. "बरे दिसतात. ये."

फिल्म पेडण्याच्या हॉलमध्ये दाखवली. काकी पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी. अध्यक्षांनी चोवीस फ्रेमच्या आत्म्यावर भाषण केलं, ते पंचवीस फ्रेममध्येही तेवढंच लांबलं असतं. मग अंधार झाला, पेटी वाजली आणि राणी आली. हॉलमधल्या म्हाताऱ्या बायकांनी ओळखीचा एक हुंकार दिला. वळसा पूर्ण होईपर्यंत कुणी खोकलंसुद्धा नाही. मग टाळ्या... मी आयुष्यात इतका ताठ कधी बसलो नसेन.

हे कसं झालं ते आजही मला माहीत नाही. मुंबईच्या एका जाणकाराला दोन्ही फाइल पाठवल्या. त्याने 'इंटरेस्टिंग' एवढंच लिहिलं. शिक्षक म्हणून सांगतो, उत्तर येत नसलेली मुलं पेपरात काहीतरी असंच लिहितात.

टाळ्या थांबल्यावर मी विचारलं, "काकी, कशी वाटली चाल?"

"चाल तशीच आसतली, ता माका खबर होता." तिचे डोळे पाणावले होते, नजर अजून पडद्यावर होती. मग ती माझ्याकडे वळली. "पण साडी माजी मरे ती!"

साडी तिचीच होती. मोरपिशी, पदराला तिने स्वतः रफू केलेली. एवढ्या मोठ्या पडद्यावर टाकेसुद्धा दिसत होते. मी तो खेळ चित्रित केला त्या मोसमात ती तिच्या अंगणातल्या दोरीवरून नाहीशी झाली होती. त्यांच्या घरातल्या एका खोलीत भाड्याने उतरलेल्या परदेशी बाईनेच ती नेली असं धरून काकीने भिंतीवर इंग्रजीत पाटी लावून घेतली होती, की दोरीवरच्या कपड्यांना कुणी हात लावू नये.

परवा हरमलला गेलो होतो. पाटी काढलेली नाही. खाली मराठीत एक ओळ वाढवली आहे, 'घरच्यांनीसुद्धा.'