धुरानं पिवळी पडलेली दुर्बीण

कुणी काही म्हणो, ती दुर्बीण मी साफ केली आणि झकास केली. कुणाला पटत नसेल तर गेला उडत!

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे दिवस होते. आम्ही नायगावच्या चाळीत, वरच्या मजल्यावर राहायचो. आधीच्या सगळ्या मोर्चांत माझे बाबा पुढं असायचे, पण गिरणीत पाय चेचला आणि त्यांचं जिना उतरणं संपलं. अशात बायकांच्या रांगेपुढं झेंडा धरायला मला निवडलं. बाबा ऐकून हळूच म्हणाले, "बाय, मला दिसशील का गं तू?"

गॅलरीच्या टोकावरून दोन चाळींमधून मोठा रस्ता दिसायचा खरा, पण तिथली माणसं ओळखू येत नसत. म्हणून दादानं चोरबाजारातून जुनी दुर्बीण आणली. डोळ्याला लावली तर सगळं पिवळट, धुकट. पट्ट्याला तंबाखूचा वास. दादा वैतागला, "फसवलं साल्यानं! बुरशी धरलीय. टाकून दे."

बुरशी कसली, डोंबलाची! आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली बसून बाबा विड्या ओढायचे. त्या काचेवर अस्साच तेलकट थर चढायचा, आणि दर पौर्णिमेला तो पुसायचं कोण? मीच. म्हटलं, "हा धूर आहे. निघतो."

तेवढ्यात वहिनी चिंच आणि राख घेऊन बसलीसुद्धा. पितळ दिसलं की आमच्याकडं बायकांचे हात शिवशिवतात. नळ्यांचा रंग उडून पितळ उघडं पडलेलं, ते तिनं लखलखीत केलं आणि राखेचं बोट काचेकडं वळवलं. मी ओरडले, "अगं वहिनी, तो तांब्या नव्हे! काचेवर चरे पडले तर बाबांनी बघायचं काय, तुझी चिंच?"

"बरं वन्सं, घ्या तुमचं तुम्ही," म्हणून फणकारली. पण नंतर तिनंच बाळाचं धुऊन धुऊन मऊ झालेलं झबलं फाडून दिलं.

आधी फुंकर मारून धूळ आणि राख उडवली, नाहीतर तीच काचेवर घासते. मग फडक्याला औषधाच्या दुकानातलं स्पिरिट, अगदी थेंबभर. काचेवर ओतायचं नाही, कडेनं आत शिरतं. मधून कडेकडं गोल गोल, हलक्या हातानं. फडकं तपकिरी झालं की दुसरं टोक. शेवटी तोंडाची वाफ देऊन कोरडं पुसलं. उजव्या नळीत धूर आतवर गेला होता, ती उघडायची माझी छाती झाली नाही. डावी मात्र अशी निघाली की समोरच्या दोरीवरच्या लुगड्याचे काठ ओळखावेत! पट्टा वाऱ्यावर टांगला, तरी वास थोडा राहिलाच.

बाबांना बजावलं, "उजवा डोळा मिटा. आणि दुर्बीण हातात असेपर्यंत विडी नाही." चक्क "बरं" म्हणाले.

मोर्चा आमच्या चाळींसमोर आला तेव्हा घोषणांनी कान बधिर झाले होते. मी झेंडा धरून मान वळवली, आमची गॅलरी शोधत राहिले. काही दिसेना.

घसा बसवून घरी आले तर बाबा अजून गॅलरीतच. डोळ्याभोवती नळीचा वळ उमटलेला.

"दिसले का, बाबा?"

"दिसलीस की. पदर खोचलेला, झेंडा ताठ." त्यांनी दुर्बीण मांडीवर ठेवली. "पण मान का वळवलीस? पुढं चालणाऱ्यानं पुढंच बघायचं, बाय. तुझ्याकडं बघायला मी आहे ना."