टाळेबंदीतली मुक्ता

काही घरांत किस्से दिवाळीच्या फराळासारखे डब्यात झाकून ठेवतात. आमच्या मलकापूरच्या घरात ते उसाच्या खोडव्यासारखे येतात. एक कापला की नवी लागण न करता दुसरा उगवतो. मी वडूजची, कोरडवाहू भागातली. बोलते कमी. लग्नाला पाचच महिने झालेत, पण एवढ्यात पोतंभर साठलेत, आणि त्यातले निम्मे तरी एकाच पोरीचे.

ही पोरगी म्हणजे मुक्ता, माझ्या मोठ्या दिरांची मुलगी. सगळा देश कड्या लावून बसला होता तेव्हा ही जन्मली, आणि घरच्यांनी नाव ठेवलं मुक्ता! वडील फौजेत, लांब. वाढवली ती आई आणि आजी-आजोबांनी, दाराआड. आता सहा वर्षांची झाली, जूनमध्ये पहिलीत जायची. शेजारच्या काकूंचं मत ठाम होतं, "लॉकडाऊनचं पोर हाय. माणसात टिकायचं न्हाई."

आणि ती शाळेत टिकली तरच तिची आई, म्हणजे माझ्या जाऊबाई वैशालीताई, कराडच्या लॅबमध्ये नोकरीवर परतणार होत्या. सहा वर्षं थांबलेली नोकरी. घरात हा विषय निघाला की त्या भांडी घासायला उठायच्या. भांडी नसली तरी.

•

मुक्ताचं बारसं मी पाहिलेलं नाही, पण इतक्यांदा ऐकलंय की पाहिल्यासारखं सांगते.

बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. आत्या जतला अडकलेली. सासूबाईंनी मोबाईल बाळाच्या कानाला लावला आणि आत्यानं तिकडून "कुर्रर्र" करून नाव सांगितलं. आता नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायकांनी धपाटे घालायचे असतात. पाठ जतला, बायका मलकापुरात.

माझे सासरे, आबा, रिटायर्ड सुभेदार. म्हणाले, "अर्धवट कारवाई चालायची न्हाई." आत्याच्या घरी तेव्हा एकच माणूस होतं, तिचा नवरा. त्यांना व्हिडिओ कॉलवर उभं केलं.

अशी संधी त्यांना लग्नापासून मिळाली नसावी. तिसऱ्या धपाट्याला तिकडचा मोबाईल खाली पडला. स्क्रीनवर नुसतं छत, आणि आवाज चालूच.

सासूबाई म्हणाल्या, "आवं जावईबापू, नाव एकच ठेवलंय."

•

मोठे दीर पहिल्यांदा रजेवर आले तेव्हा मुक्ता सव्वा वर्षाची. तोवर पप्पा म्हणजे मोबाईल. दारात खरा माणूस बघून ती आईच्या मागं लपली. बोलावलं, खाऊ दाखवला, उपयोग नाही. शेवटी ते मागच्या गोठ्यात गेले आणि तिथून व्हिडिओ कॉल लावला. ही धावत आली, स्क्रीनची पापी घेतली.

चार दिवस हेच. हजारभर मैलांवरून आलेला बाप गोठ्यातून फोन करायचा.

पाचव्या दिवशी कॉल चालू असताना म्हैस ओरडली. एकदा मोबाईलमध्ये, एकदा घरामागं. मुक्तानं मोबाईलकडं बघितलं, मागच्या दाराकडं बघितलं, आणि मोबाईल घेऊन थेट गोठ्यात. तिनं पप्पांच्या हनुवटीवर, म्हणजे कॉल कट करायचं लाल बटण असतं तिथं, बोट दाबलं. पप्पा कट झाले नाहीत. पुन्हा दाबलं.

मग मोबाईल म्हशीच्या वैरणीत टाकला आणि त्यांच्या मांडीवर चढून बसली.

•

अंगणवाडीचा प्रयत्नही होऊन गेलाय. मुक्ताला आत सोडायचं आणि घरी यायचं, एवढंच आबांचं काम. पहिल्या दिवशी आबा खिडकीशी थांबले. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यात. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "आबा, तुमी घरी जावा की."

"मी काय खिचडी मागतोय व्हय?"

तिसऱ्या दिवशी तपासणीला वरच्या मॅडम आल्या. मुलं मोजली तर हजेरीपेक्षा एक जास्त. पुन्हा मोजली. तरी एक जास्त.

आबा शेवटच्या ओळीत मांडी घालून बसले होते. पाटीसकट.

•

माझी वरात दारात आली तेव्हाची गोष्ट. माप ओलांडायला पाय उचलला तर समोर मुक्ता, हात आडवे.

"कुठनं आलीस?"

"वडूजवरनं."

"चौदा दिवस त्या खोलीत. भाईर याचं न्हाई."

हा नियम आबांनीच शिकवलेला. साथ कधीच सरली होती, पण आबांचा हुकूम कुणी मागं घेतला नव्हता. सगळे आबांकडं बघायला लागले. आबा चपलांकडं बघायला लागले.

आमच्या ह्यांनी मध्यस्थी केली, "मुक्ते, मी बी हिच्याच गाडीतनं आलोय."

मुक्तानं विचार केला. "मग काका, तू बी तिच्यासंगं."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सोड बाई त्यास्नी. हा नियम ते आपनहून पाळत्याल."

मी खाली मान घालून माप ओलांडलं.

•

शाळा जवळ आली तसा आबांनी सराव ठेवला. आपण सगळ्यांनी गुपचूप समोरच्या उसात जाऊन बसायचं आणि मुक्ता एकटी किती वेळ राहते ते बघायचं. माझ्याकडं घड्याळ. वीस मिनिटं झाली, घरातून आवाज नाही. वैशालीताईंना धीर निघेना. परत आलो तर दाराला आतून कडी.

आबा म्हणाले, "मुक्ते, दार उघड."

"घरात मोठं कुणी न्हाई. नंतर या."

"अगं, आमीच हाय की!"

आतून आवाज आला, "आमची माणसं मला टाकून जात न्हाईत. तुमी दुसरी हाय."

तासाभरानं कडी निघाली. तीही सुभेदारांनी खिडकीतून तीनदा "चुकलं" म्हटल्यावर.

•

शाळेचा पहिला दिवस. सासूबाईंनी आबांच्या चपला लपवल्या होत्या, त्यामुळं सोडायला वैशालीताई आणि मी. ताईंना त्याच दिवशी अकराला लॅबमध्ये हजर व्हायचं होतं. उशीर झाला तर दुसरी बाई घेऊ, असं तिकडून स्पष्ट सांगितलेलं.

वर्गात रडारड चाललेली. दोन वेण्यांच्या एका पोरीनं दाराची चौकट धरलेली, बाई तिची बोटं एकेक करून सोडवत होत्या. मुक्ता तिच्या बाजूनं आत गेली, दुसऱ्या ओळीत बसली, दप्तर मांडीवर घेतलं. मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "ताई, चला."

ताई हलेनात. खिडकीचे गज धरून उभ्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कराडला जायला थांबवलेल्या रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. ओढणी ओली, नाक लाल. "थांब म्हटली न्हाई गं ती मला," एवढंच म्हणाल्या.

आत त्या दोन वेण्यांना मुक्ताशेजारी बसवलं होतं. हुंदके देता देता तिचं लक्ष खिडकीकडं गेलं आणि ती रडायची थांबली.

"ती बाई का रडतीया?"

मुक्तानं वळून बघितलं. डबा उघडला, अर्धा लाडू मोडून तिच्या हातावर ठेवला.

"नवीन हाय ती," मुक्ता म्हणाली. "रमंल दोन दिवसांत."