वन्संची नडगी

इस्पितळाच्या प्लास्टरच्या खोलीत वहिनींची अठ्ठावीस वर्षं गेली. थोरल्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. मोडलेला पाय आला की आधी त्या नडगीवरून अंगठा फिरवत. नडगीला पुढून कोणी वाली नाही, असं त्या शिकाऊ डॉक्टरांना सांगत. हाडावर नुसती कातडी, म्हणून मोडकं टोक चटकन बाहेर येतं. खालच्या भागाला रक्तपुरवठा कमी, म्हणून तिथलं हाड सांधायला महिनोन्‌महिने घेतं. आणि भोवतीचे स्नायू न ताणल्या जाणाऱ्या पिशव्यांत कोंबलेले. आत सूज चढली की ते गुदमरतात.

एका मंगळवारी हे त्यांच्या घरातच घडलं. कपाटावर किती धूळ साठलीय हे वहिनींना दाखवायला नणंद स्टुलावर चढली आणि नडगी मोडून बसली. प्लास्टर वहिनींनीच घातलं आणि वन्संना वॉर्डात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता नर्स सांगत आली, वन्संनी वॉर्ड डोक्यावर घेतलाय, इंजेक्शननंही दुखणं हटत नाही. वहिनी हसल्या. सव्वीस वर्षं त्या हेच ऐकत होत्या. चहा पाणचट, उशी दगड, शेजारीण आगाऊ. वन्संना बरं वाटलं असा दिवस कुणी पाहिला नव्हता.

एक वाजता त्या डबा घेऊन गेल्या. वन्संनी भाजी पाहिली आणि नावं ठेवली नाहीत. वहिनींनी डबा बाजूला ठेवला. त्यांनी पायाचा अंगठा अलगद वर वाकवला, तशी वन्संनी किंकाळी फोडली.

वॉर्डातले धाकटे डॉक्टर म्हणाले, पाय गरम आहे, नाडी लागतेय, काळजी नको.

"नाडी सगळ्यात शेवटी जाते, डॉक्टर. तिच्या भरवशावर राहिलं तर पाय जातो."

कुणाची परवानगी न घेता त्यांनी प्लास्टर वरपासून खालपर्यंत कापलं. आतला कापूसही कातडी दिसेपर्यंत कापला. सुजलेल्या पायाला तोही आवळतो. पोटरी तरीही फळीसारखी होती. त्यांनी थोरल्या डॉक्टरांना फोन लावला.

ते चिडले. "बसवलेलं हाड सरकलं म्हणजे?"

"हाड परत बसवता येतं, सर. मेलेला स्नायू नाही. तुम्ही या."

ते आले. अर्ध्या तासात पोटरीच्या पिशव्या उघडल्या गेल्या. स्नायू काळवंडले होते, पण चिमटा लावताच हलले.

संध्याकाळी थोरले डॉक्टर वहिनींच्या प्लास्टरच्या खोलीत आले आणि म्हणाले, तुम्ही पाय वाचवलात. वहिनींनी केसपेपर पुढे केला. त्यावर धाकट्या डॉक्टरांनी दुखणं एक वाजता सुरू झाल्याचं लिहिलं होतं, वहिनींची लाज राखायला.

"अकरा लिहा," वहिनी म्हणाल्या. "वन्सं अकरापासून सांगत होत्या. मी ऐकलं नाही."