रुएनमावशीच्या हजेरीचं वर्ष

बँकॉकजवळच्या महाचायच्या आमच्या मासळीच्या कारखान्यात रुएनमावशीसारखा तोंडाचा पट्टा दुसऱ्या कुणाचा चालत नसे. टूना साफ करताना हातातली सुरी थांबेल, पण मुलाचं कौतुक थांबायचं नाही. नवरा बोटीवर गेला तो परत आला नाही. तेव्हापासून मासे सोलून सोलून तिने नोपला शिकवलं. म्हणून हजेरीची कार्डं जाऊन दाराशी स्क्रीन लागली, आणि तिचं सॉफ्टवेअर नोपनेच केलंय असं कळलं, तेव्हा मावशीला स्वर्ग दोन बोटं उरला.

त्या स्क्रीनवर ज्याने त्याने रोज तारीख आणि कामाची वेळ भरायची. पहिल्या दिवशी सवयीने सगळ्यांनी आपलं बुद्धवर्षच टाकलं, २५६८. लाल अक्षरं आली, ‘ही तारीख अजून यायची आहे.’

“मावशी, तुमच्या नोपला बँकॉकला गेल्यावर आपलं वर्षही आठवेना का?” मी चिडवलं.

“मालकाला परदेशी वर्ष लागतं, त्याला तो काय करणार? साधी वजाबाकी येत नाही का गं तुम्हाला?”

एवढा तोरा मिरवल्यावर किती वजा करायचे हे विचारणार कुणाला? पाचशे त्रेचाळीसच्या जागी तिने पाचशे त्रेपन्न वजा केले आणि रोज २०२५ ऐवजी २०१५ भरत राहिली. स्क्रीनने निमूट घेतलं. नोपने पुढच्या तारखांचं दार लावलं होतं, मागच्या तारखांचं मात्र सताड उघडं होतं. हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

महिना संपल्यावर सकाळी राष्ट्रगीत झालं आणि मालक गैरहजरांची नावं वाचू लागला. त्या दिवशी नोपही आला होता, मालकाच्या शेजारी उभा होता.

“बुनरुएन. महिनाभर गैरहजर. कामावरून कमी.”

मावशीचंच नाव! हशा पिकला. मीही हसले, आज त्याची लाज वाटते. “मी रोज आले हो,” मावशी कशीबशी म्हणाली. मालकाने नोपकडे पाहिलं. नोपने लॅपटॉप उघडला आणि त्याचा चेहरा उतरला. काय झालंय ते त्याला कळलं होतं.

“यांनी वर्ष चुकीचं टाकलंय,” तो म्हणाला.

यांनी! जन्मदात्या आईला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मावशी पुढे झाली. मान खाली घालून तिने पोटच्या पोराला हात जोडले. “चुकले, साहेब.”

मोठ्याने धाकट्याला आधी हात जोडले तर धाकट्याचं आयुष्य घटतं, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. कुणी हसेना. नोप ओल्या फरशीवर कोसळला आणि त्याने तिच्या रबरी बुटांवर डोकं टेकलं.

“आई, चूक माझी आहे. मागची तारीख मी अडवायला हवी होती. मीच—”

मावशीने वाकून त्याचं तोंड दाबलं.

“गप्प बस,” ती कुजबुजली. “मालक ऐकतोय.”