सुतकातली पुडी

मी फुलांच्या पुड्या टाकते. मखमलाबाद रोडला आमच्या रानाच्या तुकड्यात झेंडू, शेवंती आणि थोडा गुलाब आहे. बाकीची फुलं पहाटे फूलबाजारातून घेते आणि सातच्या आत चाळीस दारांच्या कड्यांना पुड्या अडकवून मोकळी होते. वीस वर्षं झाली, वही कधी ठेवली नाही. सोमवारी बेल कुठे, मंगळवारी जास्वंद कुठे, शनिवारी रुईची माळ कुठे, सगळं तोंडपाठ. कोणाच्या घरी सुतक आहे तेही. सुतकात घरातली देवपूजा बंद असते, म्हणून तेराव्यापर्यंत त्या दाराला पुडी लावायची नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली शिस्त. वही घेऊन फिरणाऱ्या बायांना मी हसायचे. गर्व होता, कबूल करते.

चाळीस घरं म्हणजे केवढा गोतावळा, असं लोकांना वाटतं. मी जाते तेव्हा एकूण एक दार बंद असतं. लोक मला कडीला लटकणाऱ्या पिशवीवरून ओळखतात, समोर उभी राहिले तर कोण पाहिजे म्हणून विचारतील. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा पुण्याला असतो. एकच दार माझ्यासाठी उघडायचं, कॉलनीच्या टोकाला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचं. मी त्यांना बाई म्हणायचे, त्या मला ताई. देवाला शेवंती आणि स्वतःला एक सोनचाफा, अशी त्यांची पुडी. ती घ्यायला त्या स्वतः यायच्या आणि आम्ही उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे उभ्या राहून दहा मिनिटं बोलायचो. दिवसभरात माझं माणसाशी बोलणं तेवढंच व्हायचं.

गेल्या दिवाळीनंतर माझी गाडी घसरायला लागली. आधी अंग जड झालं. मग आवाज असा घोगरा झाला की फोनवर मुलगा विचारायचा, कोण बोलतंय? चैत्रात नाशिक तापलेलं आणि मी स्वेटर घालून फूलबाजारात. तिथल्या बाया म्हणायच्या, "अंगाचे लय लाड करती गं तू!" मीही हसून घ्यायचे. पण बेल मंगळवारी जायला लागला, जास्वंद भलत्याच दाराला. दूध गॅसवर ठेवून मी रानात निघून जायचे. चोरून एक वही केली, तर ती कुठे ठेवली तेच आठवेना.

मुलाला सगळं कळत होतं. "आई, हे कालच बोललो ना आपण," तो म्हणायचा. पुढे पुढे म्हणायचं सोडलं त्याने. माझ्या सासूबाई शेवटी स्वतःच्या मुलाला ओळखत नव्हत्या, ते त्याने लहानपणी बघितलं होतं. "पुड्या बंद कर आणि इकडे ये," एवढंच एक धरून बसला. त्याचं घर सहाव्या मजल्यावर. तो आणि सून कामाला गेल्यावर म्हातारी बाहेर पडून हरवू नये म्हणून दाराला कुलूप लावतील, हे मला न सांगताच दिसत होतं. भीती वाटायची आणि ती सांगायला कोणी नव्हतं. बाईंना सांगितली असेल, पण सांगितल्याचं आठवत नाही.

त्या सकाळचं मात्र लख्ख आठवतं. बाईंचं दार बंद होतं. मी कडीला पुडी अडकवली, तरी दार उघडेना म्हणून बेल वाजवली. काकांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, दार उघडलं. दाढी वाढलेली. मी म्हणाले, "बाई अजून उठल्या नाय का? आज चाफा लय चांगला मिळालाय."

काकांच्या मागे कोपऱ्यात पिठावर दिवा लावलेला होता. घरातलं माणूस गेल्यावर दहा दिवस तसा लावतात, हे मला कळत होतं, पण कोणासाठी ते कळेना.

"अहो ताई," काका म्हणाले, "परवा तिला नेलं. हार तुम्हीच केला होतात ना."

मग आठवलं. बाईंना किडनीचा आजार होता. त्या गेल्या तेव्हा मी आले होते, रडले होते, शेवंतीचा हार ओवून मी स्वतः त्यांच्या अंगावर घातला होता. माझ्याच हातांनी. आणि तिसऱ्या दिवशी सुतकाच्या घराला पुडी लावून मी त्यांनाच हाक मारत होते. पुडी काढून घेतली आणि पळाले. उरलेल्या पुड्या त्या दिवशी कोणाच्या दारी गेल्याच नाहीत.

मुलगा आला आणि मला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मी मनातल्या मनात पुण्याची पिशवी भरली होती. डॉक्टरांनी आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा, असलं सगळं विचारलं आणि मी तोंडावर पडले. मग त्यांनी माझा आवाज ऐकला, कोरडी कातडी बघितली, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय उडाला, पण खाली यायला त्याने वेळ घेतला. "आधी रक्त तपासू," ते म्हणाले.

थायरॉईड निघालं. गळ्यातली ग्रंथी जवळजवळ बंद पडली होती. डॉक्टरांनी समजावलं, या ग्रंथीच्या रसावर अंगातला सगळा जाळ चालतो. तो कमी झाला की हृदय, आतडी, पाय, सगळंच मंद होतं आणि मेंदूही त्याला अपवाद नाही. हे म्हातारपणाचं विसरणं नाही, गोळीने सुधारेल. मुलाने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि डोळे पुसले.

तेव्हापासून पहाटे उठल्याबरोबर उपाशीपोटी गोळी, आणि चहा तासाभराने. चहाशिवाय मी माणसात येत नाही, त्यामुळे सुरुवातीला तो तास खायला उठायचा. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त, गोळी थोडी वाढवली. आधी स्वेटर सुटला, मग आवाज परतला. पावसाळ्याच्या शेवटी एका मंगळवारी माझ्या लक्षात आलं, सगळ्या जास्वंदी आपापल्या दारी गेल्यात आणि मला वही लागलीसुद्धा नाही. रस्त्यात उभी राहून एकटीच हसले. सांगायला कोणी नव्हतं.

मग वाटायला लागलं, बाईंच्या शेवटच्या महिन्यांतलं बोलणंही परत येईल. दिवाळी ते चैत्र आम्ही रोज भेटत होतो. त्या आजाराबद्दल काय बोलल्या, घाबरल्या होत्या का, काहीच सापडेना. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "त्या दिवसांत डोक्यात नीट शिरतच नव्हतं. जे आत गेलंच नाही, ते परत कुठून येणार?"

शेवटी धीर करून काकांकडे गेले. आता तेच पुडी घेतात, पण दार उघडत नाहीत. बेल वाजवली आणि सरळ विचारलं, "काका, बाई आन् मी काय बोलायचो? मला काईच आठवत नाय."

"मी झोपलेला असायचो हो," ते म्हणाले. मग म्हणाले, "एक माहीत आहे. दार लावून आत आली की रोज तेच सांगायची. आज पुन्हा ताईला म्हटलं, थायरॉईड तपासून घ्या. तिच्या शाळेत एका बाईंचं असंच झालं होतं, आवाज घोगरा आणि सारखं विसरणं."

"मी काय म्हणायचे?"

"तुम्ही म्हणायचात, बरं झालं सांगितलं, आजच जाते."

"रोज?"

"रोज. शेवटच्या दिवशी तर तिला उभंही राहवत नव्हतं. मला उठवून म्हणाली, दारापर्यंत धरून न्या, ताईला सांगायचं राहील. नेलं मी. सांगितलं तिने."

मी उंबऱ्यातच बसले आणि मोठ्याने रडले. त्या शेवटच्या सकाळचं मला काहीच आठवत नाही.