काळ्या झग्यातल्या बाईचं काय झालं

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाई. बायकोले नाई, पोरांले नाई. देवापुढं हात जोडले तेव्हाही नाई, तिथी तं मी मुद्दाम दुसरंच काही मागत राह्यलो. पण आज सांगतो. मधात उठून जाणार नाई. तुम्हीही बसा भाऊ, जरा टेका.

गोष्ट एका कादंबरीची आहे. हसू नोका. इंग्रजी कादंबरी, जाडजूड, पाठ वाळवीनं खाल्लेली. गावाजवळ जंगल खात्याचा डाकबंगला होता. साहेब लोक विलायतेले निघून गेले अन् त्यांची पुस्तकं मागं राह्यली. चौकीदारानं त्यातलं एक मले दिलं. मी तेव्हा मॅट्रिकले नापास होऊन चांद्याहून घरी आलेलो. इंग्रजी सुधारन म्हणून घेतलं — नाई, हेही खोटं. आतल्या चित्रातल्या बाईसाठी घेतलं.

काय पुस्तक होतं, बाप्पा! जिचं तोंड आईच्या गळ्यातल्या राणीछाप रुपयावर होतं, त्या विलायतेच्या राणीच्या काळातली गोष्ट. धुक्यातून येणाऱ्या बग्ग्या, मेणबत्त्यांची झुंबरं, जमिनीवर लोळणारे झगे, नवीनच सुरू झालेली आगगाडी. अन् एक तरणी विधवा. नवरा समुद्रात बुडालेला, अन् ही सासूच्या मोठ्या घरात काळा झगा घालून राहते. तिच्यावर जीव लावून बसलेला एक पूल बांधणारा इंजिनेर. मी तं येडाच झालो त्या पुस्तकापायी. जेवताना वाचू, बैलं चारताना वाचू.

आमच्या घरातही एक विधवा होती. माही वैनी. भाऊ तापानं गेला, लेकरूबाळ नाई. आईचे पाय गेलेले, ती खाटेवर. चूल, गोठा, धानाची बांधी, आईचं उठवणं-बसवणं, सारं वैनीच्या अंगावर. अन् मी? मी वाचत राह्यलो.

दुपारी वैनी पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचत बसे, अन् मी तिले मराठीत गोष्ट सांगे. इंग्रजीचा अर्धा शब्द लागे, अर्धा नाई. नाई लागला तिथी उचलली जीभ अन् लावली टाळ्याले! धुकं तिले लगेच समजलं, पौषात बांधीवर उतरते तेच. झुंबर समजलं नाई, तं मी मोहाच्या फुलांनी लदलेली फांदी दाखवली. इंजिनेर बग्गीतून उतरला का टाचायची काडी तिच्या हातातच राहे. "मंग? मंग काय झालं भाऊजी?" माह्या साऱ्या जन्मात मले असं कोणी ऐकलं नाई.

पण एक गोष्ट मी तेव्हाच दुरुस्त कराले पाह्यजे होती. वैनी त्याले पोथी समजे. छापलेलं, अन् कोणी मांडीवर घेऊन वाचते, ते सारं तिच्यासाठी पोथीच. हातपाय धुऊन बसे, उठताना पुस्तकाले डोकं टेकवे. अन् पोथी ऐकताना मनात काही धरायचं, समाप्तीले जे निघन ते आपल्यासाठीच निघालं असं मानायचं, ही आमच्या गावच्या बायांची रीत. मी मनात हसलो. पण सांगितलं नाई का बाई, ही पोथी नोहे. काऊन सांगू? मीही पोथीवाला बुवा झालो होतो ना!

दिवाळीनंतर मंडई भरली, म्हणजे गावची जत्रा. मंडईले सारे पाहुणे गावात येतात. वैनीच्या मामासंगं वैनगंगेपलीकडचा एक माणूस आला. बायको गेलेली, दोन लहान पोरी. आमच्यात विधवेचा पाट लागते, दुसरं लगन होते, त्यात लाजेचं काही नाई. मामानं अंगणातच गोष्ट काढली. बोलता बोलता लहानी पोरगी वैनीच्या मांडीवर झोपून गेली. वैनीचे पाय आखडले, तरी ती हलली नाई. निघताना त्या माणसानं पोरीले उचललं. पोरीच्या मुठीत वैनीचा पदर होता, तो त्यानं हळूच सोडवला. तेव्हा वैनीचं तोंड मी पाह्यलं. हे लक्षात ठेवा — मी पाह्यलं होतं.

मामाले ती एवढंच म्हणाली, "पोथी संपू द्या मामा. मंग सांगतो."

तुम्हाले समजलं ना? मलेही समजलं. त्याच घडीले.

शेवट मी आधीच वाचून ठेवला होता. बाई काळा झगा उतरवते, निळा घालते, अन् इंजिनेरसंगं त्यानंच बांधलेल्या पुलावरून आगगाडीनं निघून जाते. सासू दारात उभी राहून हात हलवते. असा गोड शेवट का मी गोठ्यात बसून रडलो होतो.

पण वैनी गेली तं आईले कोण उठवणार? धान कोण कापणार? मले जंगल खात्यात नोकरी लागायची होती, अन् मी खाटेपाशी अडकलो असतो. अन् दुसरं, जास्त कडू — ती दुसऱ्या कोणाच्या अंगणात बसून "मंग?" म्हणन, हे मले सहन होत नव्हतं.

समाप्तीले तिनं धुतलेलं लुगडं नेसलं. पुस्तकाले झेंडूचं फूल वाह्यलं अन् प्रसादासाठी पत्रावळी टाचत बसली. मी शेवटचं पान उघडलं. बोट निळ्या झग्यावरच होतं माहं. अन् सांगितलं का बाईनं इंजिनेरले परत पाठवलं. नवऱ्याचा उंबरठा सोडला नाई, सासूची सेवा केली, काळ्या झग्यातच मेली, अन् साऱ्या मुलुखानं तिचं नाव काढलं.

काडी थांबली.

"असंच लिवलं हाये?"

"हाव वैनी. असंच."

तिनं काडी पानात टोचली अन् पुढची पत्रावळ घेतली.

वैनीनं मामाले 'नाई' म्हणून निरोप धाडला. त्या माणसानं दुसरीकडं पाट लावला. आई पुढच्याच उन्हाळ्यात गेली. मी नोकरीवर आलापल्लीले गेलो, क्वार्टर भेटलं, बायको आणली. ज्यासाठी वैनीले अडकवलं ते वर्षाच्या आत संपलं, अन् वैनी त्या घरात एकटी राह्यली. रोवणीच्या चिखलात वाकून बायांले ती काळ्या झग्याची गोष्ट सांगे, माह्या शेवटासकट. मी सुट्टीवर आलो तेव्हा एकदा विचारलं तिनं, "भाऊजी, त्या बाईले मागून कधी वाटलं नसन का हो, गेलो असतो तं बरं झालं असतं?" तेव्हा तरी सांगता आलं असतं का? आलं असतं. मी म्हणालो, पुस्तकात तसं काही नाई.

माफ करू शकन अशी ती एकटीच होती. गेल्या पौषात गेली. तुमच्याकडून मले काही नाई पाह्यजे.

एकच राह्यलं. कोणी इंग्रजी शिकलेला येईन अन् वाचून दाखवन, या भेवानं समाप्तीच्या संध्याकाळीच शेवटची पानं मी फाडली अन् चुलीत घातली. लाकडं ओली होती, जाळ धरत नव्हता; त्या पानांनी धरला. वैनी गोठ्यातून आली, भडकलेला जाळ पाह्यला अन् म्हणाली, "बरं केलं भाऊजी." त्याच जाळावर तिनं माह्यासाठी भात शिजवला. मी पोटभर जेवलो.